रिव्हॉल्व्हर पुसल्याचे दिवस

५ सप्टेंबर, मंगळवार

विद्यापीठाचं खोकं आलं एकदाचं. आत चौसष्ट अभ्यास आणि प्रत्येकासोबत गुण द्यायचा कोरा फॉर्म. पोस्टमन म्हणाला, "टोलेफसनबाई, विटा मागवल्यात काय?" म्हटलं, विटाच आहेत.

जिल्हा आरोग्य कचेरीत एकोणतीस वर्षं जन्म-मृत्यूचे आकडे मांडले. निवृत्त झाल्यापासून कुणी मला साधी टक्केवारीही विचारली नव्हती. आता विचारलंय तर विषय असला: घरातली मारहाण आणि बंदुका. यावरच्या कुठल्या अभ्यासावर भरवसा ठेवावा आणि कुठल्यावर नाही, ते आम्ही सांगायचं. अहवाल जानेवारीत विधिमंडळापुढे जाणार. प्रत्येक अभ्यास दोघींनी वाचायचा, एकमेकींना न विचारता गुण द्यायचे आणि मग फोनवर ताडून बघायचं. दुसरी वाचणारी खाली लुइझियानात आहे, कुणी डेल्फीन म्हणून. सगळ्यांवर देखरेख प्राध्यापक लिंडक्विस्टांची.

खोक्यात सगळ्यात वर हितसंबंधांचा कागद होता. "या विषयाशी तुमचा व्यक्तिगत संबंध आहे का?" 'नाही'वर खूण केली, सही ठोकली, लिफाफ्यात घातला.

ऑरिनला जाऊन सहा महिने होतील. स्वयंपाकघरातलं टेबल दोघांना मोठं होतं, आता तर नुसतं मैदान झालंय. चला, निदान कागद पसरायला जागा आहे.

११ सप्टेंबर, सोमवार

डेल्फीनचा फोन. पहिल्याच वाक्याला "अगं वर्ना"! ओळख ना देख. आवाजावरून माझ्याच वयाची असावी. मागे कोंबड्या ओरडत होत्या.

"तुमच्या मोंटानात बर्फ पडला का गं?"

"सप्टेंबर आहे."

"म्हणून तर विचारतेय, पडला का?"

हसायला आलं मला. पहिल्या दहा अभ्यासांत नऊंवर आमचं एकमत झालं. बाई चोख आहे, फक्त जीभ जरा जास्त चालते. बोलणं संपल्यावर घर एकदम गप्प वाटलं, म्हणून उगाच नळ सोडून भांडी विसळली. धुतलेलीच होती.

१७ सप्टेंबर, रविवार

ब्रिटचा फोन, नेहमीसारखा अकराला. माझी एकुलती एक लेक डुलूथला असते, गाडीने चौदा-पंधरा तासांवर. बापाच्या अंत्यविधीला आली तेव्हाही मोटेलात उतरली. तिची खोली मी चादर-बिदर बदलून तयार ठेवली होती. गावात काय तोंड दाखवायचं? कुणी विचारलं की सांगायची, तिला मांजराच्या केसांचा त्रास होतो. आमच्याकडे मांजर नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे.

आज मीच विषय काढला. "थँक्सगिव्हिंगला ये. मी एकटी टर्कीचं काय करू?"

ती म्हणाली, "आई, बाबांचं रिव्हॉल्व्हर अजून त्या खणात आहे?"

"मग कुठे जाणार? टेबलक्लॉथांच्या खाली आहे, जिथे होतं तिथेच."

"ते घरात असेपर्यंत मी येणार नाही."

ही शहरात राहून आलेली फॅशन! इथे कुणाच्या घरात बंदूक नाही? तिच्या बापाच्या शिकारीच्या तीन रायफली तळघरातल्या कपाटात आहेत, त्यांच्याबद्दल अवाक्षर नाही. राग आला पण गिळला. म्हटलं, "त्यांची वस्तू आहे गं. त्यांच्या हातची." त्यावर ती म्हणाली, "हो, ते माहितीय मला," आणि फोन ठेवला.

लहानपणी किती गुणी होती. आठ-नऊ वर्षांची असेल, दुपारी चारलाच ताटं, काटे, ग्लास, सगळं टेबलावर मांडून बसायची. जेवण सहाला. कधी सांगावं लागलं नाही.

३ ऑक्टोबर, मंगळवार

एकतिसावा अभ्यास वाचला आणि डोकं उठलं. आसऱ्याला आलेल्या चारशे बायकांच्या मुलाखती. गोळी न झाडता बंदुकीचा धाक कसा घातला जातो, त्याची एक यादी करून त्यांना विचारलीय. रोखली का, दाखवली का, उशाशी ठेवली का, इथवर ठीक. सातवा प्रश्न बघा: "भांडणाच्या वेळी किंवा नंतर तो तुमच्यासमोर बंदूक साफ करत बसला का?" आणि 'हो' आलं की धाक म्हणून मोजलं!

कपाळ माझं. अहो, बंदूक म्हटली की ती साफ करावीच लागते. उद्या विचाराल, भांडणानंतर त्याने बूट पुसले का. ऑरिनच कितीदा टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसत असे. एकेक भाग सुटा करायचा, तेल लावायचा, फडक्याने पुसून ओळीने मांडायचा. तोंडातून शब्द नाही. मी ओट्याशी उभी राहून बटाटे सोलत असायची. सगळ्या घराला तो तेलाचा वास. माझ्यावर त्या माणसाने सदतीस वर्षांत हात उचलला नाही, आवाजसुद्धा चढवला नाही. हा अभ्यास करणाऱ्या बाईंच्या हिशेबाने मी पण आसऱ्याला जायला हवी होती!

मोजमापाच्या रकान्यात शून्य दिलं. शून्य पडलं की अभ्यास अहवालातून बाद.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

डेल्फीनने त्याच रकान्यात पैकीच्या पैकी दिलेत.

"सातवा प्रश्न तर सगळ्यात भारी आहे, वर्ना. बाकी प्रश्न कुणीही सुचवेल. हा ज्या बाईने सुचवला ना, ती त्या टेबलाशी बसलेली आहे."

"म्हणजे पुरावा नाही, गोष्ट आहे."

"आणि शून्य म्हणजे पुरावा?"

माझं डोकं फिरलं. स्पष्टच विचारलं, "तुझा काही संबंध आहे का या विषयाशी?"

"आहे की. माझी बहीण. पहिल्याच कागदावर लिहिलंय मी, लिंडक्विस्टांनी तो सगळ्यांना पाठवलाय. वाचला नाहीस?"

वाचला नव्हता. तोंडात मारल्यासारखं झालं. काय झालं बहिणीचं ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. कोंबड्यांचाही आवाज नव्हता आज. शेवटी ठरलं की दोघींनी आपापली बाजू लिहून द्यायची, मुदत दहा नोव्हेंबर.

वाईट वाटलं, पण खरं ते खरं. तिचा जीव गुंतलाय त्यात. माझा संबंध नाही, म्हणून माझंच मत कोरं. हे तिला कसं सांगावं?

८ ऑक्टोबर, रविवार

अकरा वाजले, बारा वाजले. ब्रिटचा फोन नाही. मी केला, तिने उचलला नाही. चर्चमध्ये कॉफीला थांबले असते तर चार माणसं तरी भेटली असती. फोनसाठी घाईने घरी आले. टोस्टवर अंडं घालून खाल्लं. तेही उभ्याने.

१५ ऑक्टोबर, रविवार

आजही नाही.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

एक युक्ती सुचली. डेल्फीनला शब्दांनी नाही, आकड्यांनी गप्प करायचं.

लग्नापासून मी रोजची एक ओळ लिहीत आलेय. धान्यकोठीवाले दर नाताळला फुकट डायरी देत, तिच्यात. हवा, अंडी किती, कोण आलं गेलं, ऑरिनने काय केलं. यंदापासूनच ओळी वाढल्यात, बोलायला कुणी नाही म्हणून. तर त्या सदतीस डायऱ्या तळघरात पडून आहेत. त्यांत "ऑ.ने रिव्हॉल्व्हर पुसलं" असंही असणार. तेवढे दिवस काढायचे. त्या दिवशी किंवा आदल्या दिवशी आमच्यात काही कुरबुर, काही मतभेद नोंदला आहे का बघायचं. नियम आधी ठरवायचा, मागाहून बदलायचा नाही. शिवाय तितकेच दिवस डोळे मिटून कुठलेही उचलायचे, ताडून बघायला. माझा अंदाज, दोन्हीकडे सारखंच निघेल. बाप्या माणूस फावला वेळ मिळाला की हत्यारं पुसतो, इतकं साधं आहे.

एका घरावरून सिद्धांत होत नाही, हे मला कळतं. पण प्रश्न किती पोकळ आहे ते दाखवायला एक घर पुरे.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

तीन दिवस तळघर ते टेबल, टेबल ते तळघर. गुडघे बोलायला लागले. गंमत म्हणजे मजा येतेय. १९८८ मध्ये आम्ही तीनशे नऊ अंडी विकली. १९९१ ला गारा. जुनी वर्ना भलतीच टापटिपीची होती.

एक गोष्ट आधी लक्षात आली नव्हती. रायफली तो वर्षातून एकदाच साफ करायचा, शिकार संपली की, आणि त्याही गॅरेजमध्ये. टेबलावर फक्त रिव्हॉल्व्हर. आणि ते तर त्याने कधी झाडल्याचं मला आठवत नाही. डायऱ्यांतही नाही. न झाडलेल्या बंदुकीला कसली घाण लागते? दमटपणाने गंजत असेल लोखंड. इथली हवा कोरडी आहे, पण तरी.

२९ ऑक्टोबर, रविवार

मोजून झालं. रिव्हॉल्व्हर पुसल्याचे दिवस अठ्ठावन्न. आकडे इथे मांडून ठेवते, म्हणजे नंतर माझी मलाच फसवाफसवी करता येणार नाही.

पुसलं त्या अठ्ठावन्न दिवसांपैकी एक्कावन्न दिवशी काहीतरी नोंद आहे. डोळे मिटून उचललेल्या अठ्ठावन्न दिवसांपैकी सहा.

एखादा अभ्यास असा निकाल घेऊन आला असता तर मी म्हटलं असतं, कुणीतरी आकडे बनवलेत. पुन्हा मोजलं. एक्कावन्नच.

नोंदी अशा. "हेलेना शहरातल्या कचेरीतून मोठ्या जागेसाठी पत्र. ऑ.ला सांगितलं. ऑ.ने रिव्हॉल्व्हर पुसलं." दुसऱ्या दिवशी: "हेलेनाला नको म्हणून कळवलं. हवा छान." "बहिणीने महिनाभर बोलावलंय. ऑ.ने रि. पुसलं." "गाडी शिकायचं म्हटलं. रि. पुसलं." ही गाडी मी पुढे अकरा वर्षांनी शिकले. माझ्या लक्षात होतं की मलाच भीती वाटायची म्हणून शिकले नाही.

कुठेही भांडण असा शब्द नाही. भांडण झालंच नव्हतं ना कधी. मी काहीतरी मागायची, तो पुसायला बसायचा, मग मला ते नकोसं व्हायचं. इतकं सरळ.

ब्रिटचा फोन नाही.

२ नोव्हेंबर, गुरुवार

तीन दिवस डायऱ्यांना हात लावला नव्हता. खिडक्या पुसल्या. आज परत बसले, कारण फॉर्ममधला एक प्रश्न राहिला होता. तो प्रत्येक अभ्यासाला विचारायचा असतो: "घरातल्या मुलांची नोंद घेतली आहे का?" मी बहुतेक ठिकाणी 'नाही' लिहून गुण कापत आलेय.

तर आता सगळ्याच डायऱ्यांत, ऑ. गप्प किंवा नाराज होता त्या दिवसांत, ब्रिट शोधली. १९९६ पासून सापडायला लागली.

"ऑ. सकाळपासून गप्प. ब्रिटने चारलाच टेबल मांडलं. गुणी पोर." "शाळेच्या सहलीवरून ऑ. नाराज. ब्रिटने साडेतीनलाच ताटं मांडली." "ब्रिटने टेबल मांडलं, मधोमध फुलंही ठेवली. ऑ. गॅरेजमध्ये गेला." एकोणीस वेळा. आणि त्या एकोणीसपैकी रिव्हॉल्व्हर पुसलं फक्त दोनदा.

टेबल भरलेलं असलं की वर्तमानपत्र पसरायला जागा राहत नाही.

नऊ वर्षांची होती.

मी चहा केला आणि विसरले. परत केला. बाई गं, मी तिथेच तर होते, ओट्यापाशी. दरवेळी लिहिलंय, गुणी पोर.

५ नोव्हेंबर, रविवार

मी फोन करत राहिले, चौथ्यांदा तिने उचलला. नमस्कार-चमत्कार काही केला नाही. विचारलं, "ब्रिट, तू चार वाजताच ताटं का मांडायचीस?"

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"तुला माहीत नव्हतं?" तिने विचारलं.

"नाही."

"आई, अगं मला वाटायचं, तुला माहितीय. म्हणून तर तू फुलं आणून द्यायचीस. मला वाटायचं आपण दोघी मिळून करतोय ते."

फुलं मी बागेत जास्त झाली म्हणून आणत होते. हे मी तिला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का? खोटं बोलले नाही, गप्प बसले. गप्प बसण्यात माझा हात कुणी धरणार नाही. ती रडत होती, आणि मी इथे फोनची वायर बोटाला गुंडाळत उभी. शेवटी एवढंच म्हटलं, "मला माफ कर, पोरी." ती म्हणाली, "रविवारी करते फोन."

ऑरिनची आठवण येते म्हणून स्वतःचाच राग आला. येतेच पण. त्याच्या पायांचा आवाज, त्याने पेटवलेली शेगडी. सदतीस वर्षं काय कुलूप लावून ठेवता येतात?

७ नोव्हेंबर, मंगळवार

रिव्हॉल्व्हर फडक्यासकट डब्यात घालून शेरीफच्या कचेरीत नेलं. खिडकीमागचा माणूस ऑरिनसोबत हरणं मारायला जाणारा. त्याने ते उलटसुलट करून बघितलं, नळीत डोकावला.

"ऑरिनच्या हाताला तोड नव्हती बघा. नवंकोरं वाटतंय. किती झाडलं असेल त्याने?"

"एकदाही नाही."

"अहो मग एवढं तेलपाणी कशाला?" तो हसला. मी त्याच्याकडे बघत राहिले, तेव्हा त्याचं हसू हळूहळू गेलं. मग त्याने खाली मान घालून पावती लिहिली.

घरी येऊन तो खण सोड्याने धुतला. टेबलक्लॉथ दोनदा धुतले तरी तेलाचा वास राहिलाय. की माझ्या नाकातच बसलाय, कोण जाणे.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

मुदतीचा दिवस. लिंडक्विस्टांकडून हितसंबंधांचा कोरा कागद परत मागवला होता. 'नाही'च्या जागी 'आहे'वर खूण केली. खाली तीन ओळी जागा असते. लिहिलं: "१९८६ पासून यंदाच्या मार्चपर्यंत. माझं स्वयंपाकघर. अभ्यास क्रमांक ३१, प्रश्न सात. पहिल्यांदा कागद भरला तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं." शून्य मागे घेतलं आणि दुसरा आकडा काही लिहिला नाही. माझा हात आता कोरा नाही.

त्यांनी दुपारी फोन केला. एकतीस तिसऱ्या कुणाला देतील, बाकीचे मीच पुरे करायचे. मला वाटलं होतं सगळंच काढून घेतील. आवाज फार हळू ठेवून बोलत होते, आजाऱ्याशी बोलतात तसे. ते मला नको होतं.

मग डेल्फीन. कागद तिच्याकडेही गेला होता.

"अगं वर्ना," एवढंच म्हणाली आणि गप्प. त्या बाईला गप्प झालेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. कोंबड्या मात्र चालू.

मी म्हटलं, "बहिणीचं नाव काय तुझ्या?"

"ओडेट."

मग तिने सांगितलं आणि मी ऐकलं. ते इथे लिहीत नाही, ते तिचं आहे.

१९ नोव्हेंबर, रविवार

अकराला फोन. "थँक्सगिव्हिंगला येतेय, गुरुवारी," म्हणाली. "मोटेल नको ना करू?" तिने मला विचारलं! म्हटलं, "चादर बदलून ठेवलीय." मार्चपासूनच बदललेली आहे, ते नाही सांगितलं. फुलांचं मात्र सांगितलं. ती म्हणाली, "तरी फुलं होतीच ना गं."

२३ नोव्हेंबर, गुरुवार

ब्रिट साडेतीनला पोचली. वाटेत बर्फ लागलं म्हणे. केसांत दोन-चार पांढरे दिसतात आता, मार्चमध्ये माझं लक्षच नव्हतं.

कागद मी सकाळीच आवरून खोक्यात भरले होते. पण ताटं मांडली नव्हती, मुद्दाम. टेबल अगदी मोकळं ठेवलं होतं. ती कोटासकट दारात उभी राहून त्याच्याकडे बघत राहिली. मग घड्याळाकडे बघितलं. चारला पाच कमी होते. तिचा हात कपाटातल्या ताटांकडे गेला आणि तसाच राहिला.

"आई, जेवायला किती वेळ आहे?"

"दोन तास तरी. राहू दे ते. बस."

ती बसली. मीही ओट्यापासून येऊन समोर बसले.